गेम कुणाचा? संगणकापासून कन्सोलपर्यंत

मुळशी धरणाचं पाणी ताम्हिणीच्या बाजूने सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं आणि तिथली वीज मुंबईला पोहोचते. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीकरांनी टाटांच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सवाल मालकीचा होता. जमीन एकाची, हुकूम दुसऱ्याचा. शंभर वर्षांनी याच पुणे जिल्ह्यातल्या एका नव्या धंद्यात तोच सवाल वेगळ्या रूपात उभा राहिला. हा धंदा म्हणजे व्हिडिओ गेमचा.

संगणक आणि टीव्हीला जोडायचा कन्सोल, दोन्हीवर गेम खेळता येतो. फरक परवानगीचा आहे. संगणकावर कुणीही गेम लिहावा आणि विकावा. कन्सोलवर मात्र कंपनीच्या मर्जीशिवाय प्रवेश नाही. १९८५ साली अमेरिकेत उतरलेल्या निन्टेंडोने आपल्या यंत्रात कुलपासारखी चिप बसवली, बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेम काढायची मुभा दिली. त्याआधी अटारी कंपनी तर गेम लिहिणाऱ्याचं नावही छापत नसे. याच रागातून चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ‘ॲक्टिव्हिजन’ उभी राहिली.

तरीही संगणकावरचे लोक कन्सोलकडे वळले, कारण गिऱ्हाईक तिथं होतं. जॉर्डन मेकनर या तरुणाने धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचं चित्रीकरण करून, त्यावरून १९८९ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम ॲपल टू संगणकासाठी रचला. पुढे तो निन्टेंडो, सेगासह अनेक कन्सोलवर गेला. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आला. त्याच्या आत इंटेलचा प्रोसेसर आणि हार्ड डिस्क, म्हणजे जवळपास संगणकच. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोघांची रचनाही संगणकासारखीच होती. एकदा लिहिलेला गेम सगळीकडे नेणं आता सोपं झालं. यंत्रातलं अंतर मिटलं, मालकी मात्र तशीच राहिली.

आपल्याकडे नव्वदीत घरोघरी पोहोचले ते बहुतेक नकली व्हिडिओ गेम आणि त्यांच्या ‘कॅसेटी’. आपण खेळणारे होतो, बनवणारे नव्हतो. २००८ मध्ये फ्रान्सच्या युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. मुंबईच्या ट्राइन कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशन २ साठी गल्ली क्रिकेटचा गेम काढला. हात इथले, पण कन्सोलच्या किल्ल्या परदेशात.

सप्टेंबर २०२० मध्ये मोठी बातमी आली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गेमची नवी आवृत्ती युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार होते. शहजादा, वजीर, सुलतान हे फारसी-अरबी शब्द मराठीत शतकानुशतकं नांदलेत, त्यामुळे इराणी शहजाद्याची गोष्ट पुण्यात घडावी यात काही परकं वाटण्यासारखं नव्हतं. पण पहिल्या झलकीतल्या चित्रांवर जगभर टीका झाली, तारखा लांबल्या आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं.

त्याच काळात पुण्यातली छोटी कंपनी ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ स्वतःची गोष्ट घेऊन उभी होती. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ ही असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी काम थांबलं नाही. १८ ऑगस्ट २०२० ला गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व संगणकावर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

शहजाद्याचा गेम पुण्याच्या हातून गेला, कारण तो पुण्याचा नव्हताच. राजी पुण्याची होती. निन्टेंडोची परवानगी तिलाही घ्यावी लागली, पण गोष्ट कुणी काढून घेऊ शकलं नाही. कौशल्य आपल्याकडे आधीपासून होतं. कमी होती ती मालकीची, आणि इथून पुढचा झगडाही तिच्यासाठीच आहे.