आडोशाच्या कापडावरचं नाव

आजचा विषय लढाई नाही, किल्लाही नाही. आज बोलायचं आहे कापडाच्या एका पट्टीबद्दल.

समुद्रावर जाणाऱ्या शिडाच्या नौकेचा फोटो पाहा. सुकाणू धरणारा बसतो तिथे, दोन्ही बाजूंच्या तारांच्या कठड्याला कापड ताणून बांधलेलं असतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत नौकेचं नाव. याला वेदर क्लॉथ म्हणतात, काही जण डॉजर म्हणतात. आपण आडोशाचं कापड म्हणू. पुष्कळांना ती दुकानाच्या पाटीसारखी शोभा वाटते.

मूळ काम आडोशाचंच. जुन्या मोठ्या शिडाच्या जहाजांवर पहाऱ्यावरचा अधिकारी उघड्या डेकवर चार-चार तास उभा असे. म्हणून मागच्या डोलकाठीच्या दोरखंडांना, वाऱ्याकडच्या बाजूने, ताडपत्री बांधत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मालवाहू गलबतांना काठावर झापांची भिंत चढवत, म्हणजे लाट आत येत नसे. पुढे वाफेची जहाजं आली, तरी पहिल्या महायुद्धातल्या विनाशिकांचे ब्रिज उघडेच होते. तिथेही कठड्याला कॅनव्हास बांधलेला असे. थंडीने गारठलेला माणूस चुकीचा निर्णय घेतो, हे सियाचीनच्या पहाऱ्यावरच्या जवानाला सांगावं लागत नाही.

मग त्यावर नाव का? नौकेच्या मागच्या फळीवर नाव असतं, पण ते फक्त मागून दिसतं. शिडावर क्रमांक असतो, पण वादळात शीडच उतरवतात. म्हणजे संकट जेवढं मोठं, तेवढी ओळख कमी. बाजूने सपाट, रुंद आणि सदैव उभी असते ती ही कापडाची पट्टी. आज जागतिक नौकानयन संस्थेच्या खोल समुद्रातल्या शर्यतींसाठीच्या नियमांत असं कलम आहे, की क्रमांकाचं एकही शीड उभारलेलं नसेल तेव्हा तो क्रमांक तेवढ्याच आकारात दुसऱ्या मार्गाने दिसला पाहिजे. त्यासाठी हे कापड सोयीचं पडतं.

याचं महत्त्व कळायला १९७९ ची फास्टनेट शर्यत आठवा. ११ ऑगस्टला इंग्लंडमधल्या काऊज बंदरातून ३०३ नौका निघाल्या. आयर्लंडच्या दक्षिणेचा फास्टनेट खडक वळसा घालून प्लिमथला यायचं होतं. १३ आणि १४ ऑगस्टला वादळाने त्यांना गाठलं. शर्यतीतले १५ जण मृत्युमुखी पडले. २४ नौका खलाशांनी सोडून दिल्या. त्यांतल्या ५ बुडाल्या, बाकीच्या पुढे तरंगत सापडल्या. आता हेलिकॉप्टरमधल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. खाली फेसात एक रिकामी नौका हेलकावे खाते आहे. ती कोणाची? तिच्यावरची माणसं आधीच वर घेतली, की अजून पाण्यात आहेत? नाव वाचता आलं तर यादीशी ताडता येतं. नाही आलं, तर वाचलेल्यांचा शोध चालू राहतो आणि बुडणाऱ्यांचा थांबतो, असंही होऊ शकतं.

२०१८ मध्ये आपले कमांडर अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’च्या डोलकाठ्या दक्षिण हिंदी महासागरात मोडल्या. नौदलाच्या पी-८आय विमानाने त्यांची नौका शोधली. डोलकाठीच गेली की शिडावरच्या क्रमांकाचा प्रश्नच उरत नाही, हे अशा वेळी पटतं.

सैनिक म्हणून मला यात एक गंमत वाटते. आम्हाला नाव लपवायला शिकवतात. युद्धकाळात गाड्यांवरची फॉर्मेशनची चिन्हं झाकतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश खलाशांच्या टोपीच्या पट्टीवरून जहाजाचं नाव काढून नुसतं ‘एच.एम.एस.’ ठेवलं होतं. शत्रू माणूस असतो तेव्हा ओळख लपवायची. शत्रू समुद्र असतो तेव्हा ती जमेल तेवढी मोठी लिहायची. सैन्याच्या इंजिनिअर कोअरच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. भारतीयांची ती पहिलीच. त्यांनाही समुद्राची हीच शिस्त पाळावी लागली असणार.

बांधण्याचीही एक रीत आहे. कापड पक्कं आवळून बांधलं आणि त्यावर मोठी लाट आदळली, तर कापड टिकतं पण कठड्याचे खांब वाकतात. म्हणून बारीक दोरीने बांधतात, खांबाच्या आधी दोरी तुटावी असं. खाली थोडी फटही ठेवतात, पाणी निघून जायला. पूर्वीचा सुती कॅनव्हास ओलसर राहून कुजत असे. आता ॲक्रिलिक कापड वापरतात. त्यात रंग धाग्यातच असतो, त्यामुळे तो उन्हात लवकर विटत नाही आणि नाव बरीच वर्षं वाचता येतं.

तर पुढच्या वेळी बंदरात असं कापड दिसलं, तर त्यावरची अक्षरं जरा निरखून वाचा. ती किनाऱ्यावरच्या आपल्यासाठी लिहिलेली नाहीत. कधीतरी वरून शोधायला येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लिहिलेली आहेत. जय हिंद.