डेलावेअरची कोरी चिठ्ठी

थॉमस जेफर्सन हे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष होणार, हे १७ फेब्रुवारी १८०१ रोजी प्रतिनिधिगृहात नक्की झाले. त्या दिवशीच्या अखेरच्या फेरीत डेलावेअर या राज्याने कोणाला मत दिले, असे विचारले तर त्याचे उत्तर 'कोणालाही नाही' असे द्यावे लागते. डेलावेअरच्या नावाने पेटीत पडलेली चिठ्ठी कोरी होती. आणि तरीही त्या निवडणुकीचा निकाल लावण्यात या कोऱ्या चिठ्ठीचा वाटा कोणत्याही लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षा कमी नव्हता, असे आम्हांला वाटते. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

त्या काळच्या घटनेनुसार प्रत्येक निर्वाचक दोन मते देत असे. परंतु त्यांतील कोणते मत अध्यक्षपदासाठी आणि कोणते उपाध्यक्षपदासाठी, हे सांगण्याची सोय नव्हती. ज्याला सर्वाधिक मते तो अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. घटना लिहिणाऱ्यांनी राजकीय पक्ष गृहीत धरलेच नव्हते. १८०० साली मात्र दोन पक्ष उभे ठाकले होते. जॉन ॲडम्स आणि चार्ल्स पिंकनी हे फेडरॅलिस्टांचे उमेदवार होते. जेफर्सन आणि ॲरन बर हे रिपब्लिकनांचे. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्या पक्षाची गल्लत करू नये.) फेडरॅलिस्टांनी सावधपणे आपले एक मत तिसऱ्याच माणसाला दिले, त्यामुळे ॲडम्स यांना ६५ आणि पिंकनी यांना ६४ मते पडली. रिपब्लिकनांना ही खबरदारी घेता आली नाही. जेफर्सन ७३ आणि बर ७३! ज्याला पक्षाने उपाध्यक्ष म्हणून पुढे केले होते तो अध्यक्षपदासाठी बरोबरीचा दावेदार होऊन बसला.

डेलावेअरचे तिन्ही निर्वाचक फेडरॅलिस्ट होते. त्यांना तेथील मतदारांनी नव्हे, तर राज्याच्या विधिमंडळाने निवडले होते. १८०० च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या ६४,२७३ भरली. त्यांतले ६,१५३ लोक गुलाम होते. अवघे तीन परगणे, आणि संघराज्यात सर्वांत कमी वस्ती. तेव्हा 'डेलावेअरने मत दिले' असे आपण म्हणतो तेव्हा ते फार थोड्या माणसांचे मत असते, हे विसरून चालणार नाही. पुढे तर ते एकाच माणसाचे झाले.

बरोबरी झाली की निवड प्रतिनिधिगृहाने करायची, आणि तीही राज्यवार, हा घटनेतला नियम. प्रत्येक राज्याला एक मत, मग त्याचे प्रतिनिधी कितीही असोत. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी १९ होते, डेलावेअरचा एक; पण पेटीत दोघांचे वजन सारखे. ही काही अनवधानाने राहून गेलेली फट नव्हे. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना घडत असताना राज्यांच्या समान मताचा हक्क सोडू नये अशी स्पष्ट आज्ञा घेऊनच डेलावेअरचे प्रतिनिधी तेथे आले होते. मोठी राज्ये आपल्याला गिळून टाकतील, हे भय त्यांनी तेथे पुन्हा पुन्हा बोलून दाखवले. त्या भयाला तडजोडीतून काही संरक्षण मिळाले, आणि मग ७ डिसेंबर १७८७ रोजी घटनेला मान्यता देणारे पहिले राज्य ठरले ते डेलावेअरच. चौदा वर्षांपूर्वी हट्टाने मिळवलेला हक्क १८०१ साली नको तेवढ्या भाराने त्याच्या हाती आला.

तो भार उचलणारे गृहस्थ म्हणजे जेम्स बेयर्ड. विल्मिंग्टनचे वकील, फेडरॅलिस्ट, वय तेहतीस, आणि प्रतिनिधिगृहात डेलावेअरचे एकमेव सदस्य. अन्य राज्यांच्या प्रतिनिधींना आधी आपापसांत मतदान करून राज्याचे मत ठरवावे लागे. बेयर्ड यांना स्वतःशीच ठरवायचे होते.

११ फेब्रुवारीला मतदान सुरू झाले. राज्ये १६, बहुमताला ९ हवीत. पहिल्या फेरीत जेफर्सन यांना ८, बर यांना ६, आणि मेरीलँड व व्हर्मॉन्ट ही दोन राज्ये आतून दुभंगलेली. जेफर्सन म्हणजे फ्रेंच क्रांतीचे भक्त आणि धर्माचे वैरी, असा फेडरॅलिस्टांचा ग्रह होता. त्यांच्यापेक्षा बर परवडले, असा त्यांचा हिशेब. डेलावेअरचे मत बर यांना पडले. रात्रभर फेऱ्या चालल्या, आकडे हलले नाहीत. मेरीलँडचे जोसेफ निकोल्सन तापाने फणफणले होते. त्यांना बर्फातून सभागृहापर्यंत उचलून आणण्यात आले, कारण ते नसते तर मेरीलँडचे मत बर यांच्याकडे गेले असते. दिवसांमागून दिवस गेले आणि फेऱ्या ३५ झाल्या. पस्तीसही वेळा डेलावेअरचे मत बर यांनाच पडले.

इकडे ४ मार्च जवळ येत होता. त्या दिवशी ॲडम्स यांची मुदत संपल्यावर देशाला अध्यक्षच नसेल तर काय? दुसऱ्याच एखाद्या अधिकाऱ्याकडे तात्पुरता कारभार सोपवावा अशी भाषा काही फेडरॅलिस्ट करू लागले होते. तसे झालेच तर पेन्सिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया ही राज्ये गप्प बसणार नाहीत, त्यांचे गव्हर्नर आपापल्या मिलिशियाची तयारी करीत आहेत, हेही सर्वांना ठाऊक होते.

अशा वेळी बेयर्ड यांनी पक्षाच्या खासगी बैठकीत जाहीर केले की आपण आता हा पेच सोडवणार. बैठकीत गदारोळ झाला, दगाबाजीचा आरोप झाला. वास्तविक त्यांनी जेफर्सन यांना मत दिले असते तर एकट्या डेलावेअरने आठाचे नऊ केले असते. तशी वेळ आली नाही. ३६ व्या फेरीत व्हर्मॉन्टचे फेडरॅलिस्ट प्रतिनिधी लुइस मॉरिस बाजूला राहिले, मेरीलँडच्या फेडरॅलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि ही दोन्ही राज्ये जेफर्सन यांच्याकडे गेली. साउथ कॅरोलायना आणि डेलावेअर कोरी राहिली. जेफर्सन १०, बर ४. निवडून आले जेफर्सन. पण एकाही फेडरॅलिस्टाने त्यांच्या नावाची चिठ्ठी टाकली नव्हती.

आता प्रश्न असा, की बेयर्ड यांचे मन का पालटले? साहित्याच्या अभ्यासकांना या प्रश्नात विशेष रस वाटावा, कारण कोऱ्या कागदाचा अर्थ लावण्याचा हा प्रसंग आहे. ज्यावर काहीच लिहिलेले नाही त्याचा अर्थ शेवटी भोवतालच्या मजकुरातून काढावा लागतो.

सर्वांत लोकप्रिय उत्तर अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्याकडे बोट दाखवते. २०१५ साली ब्रॉडवेवर आलेल्या 'हॅमिल्टन' या गाजलेल्या संगीतिकेत निवडणूक पालटते ती हॅमिल्टन यांच्या शब्दाने; डेलावेअरच्या वकिलाला तेथे जागा नाही. नाटकाला हे शोभते. नायक आणि प्रतिनायक यांच्यातले वैर पुढे द्वंद्वयुद्धापर्यंत न्यायचे असेल तर मध्ये तिसरा कोणी आणून चालत नाही. हॅमिल्टन यांनी बेयर्ड यांना पत्रे लिहिली होती, जेफर्सन परवडले पण बर नकोत असे परोपरीने विनवले होते, हे खरेच आहे. परंतु ती पत्रे डिसेंबर आणि जानेवारीतली. ती वाचल्यानंतरही बेयर्ड यांनी पस्तीस वेळा बर यांनाच मत दिले! ज्या उपदेशाकडे माणूस पस्तीस वेळा पाठ फिरवतो, त्याच उपदेशाने छत्तिसाव्या वेळी त्याचे मन वळवले, असे म्हणणे आम्हांला धाडसाचे वाटते.

दुसरे उत्तर सौद्याचे. बेयर्ड यांनी १८०६ साली शपथेवर दिलेल्या जबानीत सांगितले, की मेरीलँडचे सॅम्युअल स्मिथ यांच्यामार्फत आपण जेफर्सन यांच्याकडून काही गोष्टींची खात्री मागितली होती: सरकारी कर्जाची पत राखली जावी, आरमार टिकावे, आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांना केवळ राजकीय मतांसाठी काढू नये. या अधिकाऱ्यांत विल्मिंग्टन बंदराचे जकात अधिकारी ॲलन मक्लेन यांचे नाव होते. स्मिथ यांनी होकार आणला, असे बेयर्ड यांचे म्हणणे. जेफर्सन यांनी त्याच वर्षी आपल्या खासगी टिपणांत हे साफ नाकारले. आपण जेफर्सन यांच्याशी बोललो खरे, पण ते कशासाठी हे त्यांना कळू दिले नाही, अशी स्मिथ यांची साक्ष आहे. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असणे अशक्य नाही. मक्लेन यांची नोकरी मात्र शाबूत राहिली. १८२९ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते.

तिसरे उत्तर बेयर्ड यांनी स्वतः दिले आहे. निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी ॲडम्स यांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात, त्याचा आशय असा: मी संघराज्यातल्या सर्वांत लहान राज्याचा प्रतिनिधी, स्वतःचे रक्षण करण्याचे साधन त्या राज्याजवळ नाही, ज्या घटनेवर त्याचे अस्तित्व अवलंबून आहे ती धोक्यात येईल असे वागणे मला कर्तव्यबुद्धीने शक्य नव्हते. ॲडम्स यांनी त्यांना फ्रान्सचे वकील म्हणून पाठवण्याचे योजले होते. ते पद बेयर्ड यांनी स्वीकारले नाही. नव्या अध्यक्षांच्या हाताखाली ते घेतले असते तर मताचे मोल वसूल केले असेच जगाने म्हटले असते.

आमच्या मते या तिसऱ्या उत्तरात सर्वांत अधिक तथ्य आहे, आणि ते बेयर्ड यांच्या थोरवीमुळे नव्हे. घटना मोडून पडली असती तर व्हर्जिनिया हे व्हर्जिनियाच राहिले असते; मॅसॅच्युसेट्सलाही आपल्या बळावर उभे राहता आले असते. डेलावेअरला ते शक्य नव्हते. कडेलोटापर्यंत ताणून धरणे ही चैन ज्याला पडल्यावर उठता येते त्यालाच परवडते. न्यू इंग्लंडमधील चार राज्यांनी शेवटपर्यंत बर यांचे नाव सोडले नाही, आणि सर्वांत लहान राज्याने सोडले, यामागचे गणित हे असावे. लहान राज्याच्या समान मताला 'अवाजवी सत्ता' म्हणून नेहमी नावे ठेवली जातात, आणि लोकसंख्येच्या न्यायाने पाहिले तर ती योग्यही आहेत. पण या एका प्रसंगी ती सत्ता ज्याच्या हाती होती त्याला तिच्या वापराचे भयही सर्वांत जास्त होते.

तरीही बेयर्ड यांना हुतात्म्याच्या चौथऱ्यावर बसवण्याची घाई करू नये. १७ फेब्रुवारीलाच त्यांनी मक्लेन यांना पत्र लिहिले. न्यू इंग्लंडचे सदस्य घटनेवाचून राहायला आणि यादवीचा धोका पत्करायला तयार झाले होते, असे त्यात ते सांगतात. आणि त्याच पत्रात, तुमची काळजी मी घेतली आहे, जपून वागलात तर तुमच्या जागेला धक्का नाही, असेही कळवतात. एकाच कागदावर देशाची चिंता आणि मित्राची नोकरी! यातले एक खरे आणि दुसरे ढोंग असे ठरवण्याचा मोह चरित्रकारांना होतो. आम्हांला वाटते, दोन्ही खरे आहे. राज्य लहान असले म्हणजे राज्याचे हित आणि शेजाऱ्याचे हित यांच्यातले अंतरही लहान होते.

बेयर्ड १८१४ च्या गेन्ट येथील तहाच्या वाटाघाटींत अमेरिकेचे एक प्रतिनिधी होते. परतल्यावर लगेच, १८१५ साली, ते वारले. १८२९ मध्ये जेफर्सन यांची टिपणे छापली गेली आणि त्यांत एक जुनी ऐकीव नोंद निघाली: बेयर्ड यांनी बर यांच्यासाठी स्मिथ यांना पदाचे आमिष दाखवल्याची. जानेवारी १८३० मध्ये डेलावेअरचे सिनेटर जॉन क्लेटन यांनी ती नोंद सिनेटमध्ये वाचून दाखवली आणि तेथेच बसलेल्या स्मिथ व एडवर्ड लिव्हिंग्स्टन यांना खुलासा विचारला. असे काही घडल्याचे आपल्याला स्मरत नाही, असे दोघांनीही सांगितले. एका कोऱ्या चिठ्ठीचा अर्थ लावण्याचे काम एकोणतीस वर्षांनंतरही संपले नव्हते.

दोन मतांचा घोळ मिटवणारी बारावी घटनादुरुस्ती १८०४ साली झाली. तिला नकार देणाऱ्या राज्यांत डेलावेअर होते. जुनी पद्धत कितीही धोक्याची असली तरी तिने लहानांच्या हाती काही ठेवले होते, आणि नव्या पद्धतीत निवड प्रतिनिधिगृहाकडे जाण्याचे प्रसंग कमी होणार होते. राज्याला एक मत हा नियम मात्र दुरुस्तीनंतरही राहिला. १८२५ साली तो पुन्हा वापरावा लागला तेव्हा डेलावेअरचे एकमेव मत ज्यांच्या हाती होते ते लुइस मक्लेन हे विल्मिंग्टनच्या त्याच जकात अधिकाऱ्याचे पुत्र. त्यांनी विल्यम क्रॉफर्ड यांना मत दिले. क्रॉफर्ड हरले, आणि त्या मताची आठवण कोणी ठेवली नाही.

तो नियम आजही घटनेत आहे. प्रतिनिधिगृहात एकच सदस्य असलेली सहा राज्ये आज अमेरिकेत आहेत, आणि डेलावेअर त्यांतले एक आहे.