अनुस्वार कुठे गेला?

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. नातीचा मराठीचा धडा चालू होता. ती मंडळाच्या मराठी शाळेत जाते आणि घरचा अभ्यास माझ्याकडे करते. लॅपटॉपवर वाचताना दोघांच्याही माना दुखतात, म्हणून मी तो तिच्या मोठ्या भावाच्या मॉनिटरला जोडला होता. मॉनिटर बत्तीस इंची, फोर-के, खास व्हिडिओ गेम खेळण्यासाठी घेतलेला. धड्यात निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे होती आणि मुलांच्या लक्षात राहावेत म्हणून अनुस्वार तेवढे लाल.

नातीने वाचले, "आजीने भाडे घासले."

मी म्हणालो, "भाडे देतात, घासत नाहीत. नीट वाच, अनुस्वार खाऊ नकोस."

पुढच्या ओळीत 'रंग'चा 'रग' झाला आणि माझा आवाज चढला. तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, तिथे अनुस्वार नाहीच आहे!"

मी चष्मा पुसून पडद्याशी गेलो. खरेच नव्हता. जिथे लाल टिंब हवे होते, तिथे निळ्यात मिसळलेला जेमतेम जांभळट डाग होता. माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला दोनच वर्षे झाली आहेत, त्यामुळे पहिला संशय स्वतःच्या डोळ्यांवर गेला. पण नऊ वर्षांच्या मुलीला कुठला मोतीबिंदू? आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाने खरे तर आधी पडद्याकडे बघायला हवे होते. मी आधी मुलीला रागावलो.

मग अक्षरे मोठी व्हावीत म्हणून मी सेटिंग्जमध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी केले. अक्षरे मोठी झाली, पण सगळे पान तेलकट कागदातून पाहिल्यासारखे दिसू लागले. संध्याकाळी नातू आला आणि त्याने पाच मिनिटांत सगळे सरळ केले. त्यासाठी त्याने फक्त दोन आकडे बदलले. ते दोन आकडे असे का वागतात हे शोधता शोधता मी थेट १९५३ सालापर्यंत मागे गेलो. तीच हकीकत इथे सांगतो.

छापखान्यातला दुबळा गडी

अनुस्वार हरवण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत असे तेव्हा अक्षराच्या डोक्यावरची मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार हे सर्वांत नाजूक भाग असत. दाबाने ते झिजत, तुटत. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या तिथल्या टाइपाचे इतके कौतुक झाले, ते त्यात अक्षराच्या सौंदर्याइतकीच ही बारीक चिन्हेही सांभाळली होती म्हणून. तुटलेला खिळा मात्र मुद्रितशोधकाला दिसत असे, आणि तो बदलता येत असे. छापखान्यात सगळी यंत्रणा अक्षरासाठी उभी होती.

आपण आज ज्या पडद्यावर वाचतो, त्याचे घराणे वेगळे आहे. तो छापखान्यातून आलेला नाही, दूरचित्रवाणीतून आला आहे. तिथे मान होता हलत्या चित्राला. अक्षर मागाहून आले आणि मिळाली त्या जागेत बसले.

साठ हा आकडा आणि रंगाची काटकसर

अमेरिकेत १९४१ साली दूरचित्रवाणीचे जे मानक ठरले, त्यात चित्राच्या ५२५ ओळी होत्या आणि सेकंदाला ३० पूर्ण चित्रे. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई, आधी विषम ओळी आणि मग सम ओळी. म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा उजळे. ६० का, तर घराघरांतली वीजच ६० हर्ट्झची होती आणि त्या तालाशी जुळवून घेतले की चित्रातले वीजप्रवाहाचे पट्टे कमी त्रास देत. भारतात आणि युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिथे ५० चा ताल आणि ६२५ ओळी. आज मॉनिटरच्या सेटिंगमध्ये दिसणारा ६० हा आकडा असा विजेच्या तारेतून आलेला आहे.

पुढे रंग आला. १९५० मध्ये अमेरिकन सरकारी आयोगाने रंगीत प्रक्षेपणाची एक पद्धत मंजूर केली होती, पण तिचे कार्यक्रम लोकांच्या घरी असलेल्या कृष्णधवल संचांवर दिसतच नसत. ती पद्धत वर्षभरातच मागे पडली. डिसेंबर १९५३ मध्ये दुसरी पद्धत मंजूर झाली. तिची अट अशी की रंगीत चित्र त्याच ६ मेगाहर्ट्झच्या वाहिनीत बसले पाहिजे आणि जुन्या संचावर ते कृष्णधवल दिसले पाहिजे.

हे जमले ते एका शहाणपणामुळे. माणसाचा डोळा उजेड-अंधाराचे बारकावे फार नेमके टिपतो, पण रंगाच्या बाबतीत तो बराच ढिला आहे. म्हणून चित्राचे दोन भाग केले, उजेडाचा आणि रंगाचा. फ्रेंच अभियंता जॉर्ज व्हॅलेन्सी यांनी ही विभागणी १९३८ सालीच पेटंटमध्ये मांडली होती. उजेडाला सुमारे ४ मेगाहर्ट्झ जागा दिली, तर रंगाच्या दोन घटकांना साधारण १.३ आणि ०.५ एवढ्यावर भागवले. रंग जणू ओल्या कुंचल्याने ढोबळ फासलेला आणि त्यावर कृष्णधवल चित्राची कोरीव रेघ. चेहरा, क्रिकेटचे मैदान, सिनेमा यांत कुणाला फरक कळला नाही. भारतात १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले, तेव्हा आपण सगळे डोळे विस्फारून पाहत होतो. त्यातला रंग धूसर आहे अशी तक्रार कुणी केल्याचे मला आठवत नाही.

हीच काटकसर डिजिटल जगातही आली. तिच्या एका प्रचलित रूपात चार पिक्सेलच्या चौकोनाला उजेडाच्या चार नोंदी मिळतात, पण रंगाची नोंद चौघांत मिळून एकच. सिनेमाला हे पुरते. पण निळ्या पाटीवर दोन-तीन पिक्सेलचे लाल टिंब ठेवा. त्या लाल-निळ्याचा उजेड जवळपास सारखाच असतो, फरक असतो तो फक्त रंगाचा. आणि रंग तर चौघांत वाटला गेलेला. टिंब शेजाऱ्यांत विरघळते. पांढरी अक्षरे मात्र शाबूत राहतात, कारण ती उजेडाच्या जोरावर उभी असतात. आमच्या धड्यात नेमके हेच झाले होते. मुलांना ठळक दिसावा म्हणून शिक्षकांनी रंगवलेला अनुस्वारच तेवढा पुसला गेला.

वेग आणि नेमकेपणा यांची भांडणे

पण नातवाच्या नव्या मॉनिटरने सत्तर वर्षांपूर्वीची काटकसर का करावी? कारण केबल. तिच्यातून जायचा माल जास्त आणि वाट अरुंद.

हिशोब साधा आहे. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. प्रत्येकाला २४ बिट. सेकंदाला ६० चित्रे पाठवायची तर सुमारे १२ अब्ज बिट, १२० पाठवायची तर २४ अब्ज. आमची केबल आणि तिचे लॅपटॉपवरचे तोंड २०१३ च्या एचडीएमआय २.० मानकाचे होते. त्यातून प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला १४.४ अब्ज बिट जातात. ६० बसतात, १२० बसत नाहीत. नातवाने खेळासाठी १२० निवडून ठेवले होते. यंत्राने तक्रार केली नाही, निमूटपणे रंगाची काटकसर केली. त्यामुळे माल निम्मा झाला आणि १२० बसले. खेळ झकास चालला, बळी गेला तो अनुस्वाराचा.

वेग आणि नेमकेपणा यांचे हे भांडण जुने आहे. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर वेग वाचणाऱ्यालाही हवा असे. तिथला प्रत्येक ठिपका उजळून लगेच विझत असे, त्यामुळे ६० च्या तालावर पडदा फडफडल्यासारखा वाटे आणि डोके दुखे. ७५ किंवा ८५ केले की बरे वाटे. ज्यांनी नव्वदच्या दशकात कार्यालयात संगणकावर काम केले त्यांना हे आठवेल. सपाट एलसीडी पडदा आला आणि ही गरज संपली. इथला पिक्सेल पुढचा हुकूम येईपर्यंत आपला रंग धरून ठेवतो. स्थिर पान वाचायला ६० पुरे होतात. त्यापुढचा वेग कामाला येतो तो हलत्या गोष्टींसाठी: खेळ, माऊसची हालचाल, भराभर वर सरकवलेले पान.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. आयबीएमने २००१ मध्ये टी२२० नावाचा मॉनिटर काढला. २२ इंचांत ३८४० गुणिले २४०० पिक्सेल, म्हणजे इंचाला सुमारे २०४. त्या काळी नेहमीचे पडदे इंचाला शंभराच्या आसपास होते. टी२२० वर छापील पुस्तकासारखी अक्षरे दिसत. पण त्याला चित्र पुरवायला चार-चार जोडण्या लागत आणि तरी पडदा सेकंदाला ४१ वेळाच बदले. रुग्णालयातली क्ष-किरण चित्रे, नकाशे, आराखडे यांना तो योग्य होता. खेळ खेळणाऱ्याने मात्र त्याच्याकडे ढुंकून पाहिले नसते.

देवनागरीचे दुखणे

कमी पिक्सेलच्या काळात अक्षर सुबक दिसावे म्हणून आणखी एक युक्ती झाली. एलसीडीचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरल्या तर आडव्या दिशेने तिप्पट बारकाई मिळते. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये क्लियरटाइप या नावाने ही युक्ती जाहीर केली आणि २००१ च्या विंडोज एक्सपीमधून ती घरोघर पोहोचली.

रोमन लिपीला तिचा मोठा फायदा झाला, कारण त्या लिपीत उभ्या रेघांची गर्दी असते आणि त्या शेजारी शेजारी असतात. आपल्या लिपीचे ओझे उभ्या दिशेने आहे: वर अनुस्वार, त्याखाली मात्रा, मग शिरोरेघ, अक्षर आणि तळाशी उकार. त्या दिशेने पहिल्या क्लियरटाइपने काहीच दिले नाही. प्रा. र. कृ. जोशी यांनी रचलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर आला आणि मराठी मजकूर पहिल्यांदाच सहजपणे संगणकावर दिसू लागला. पण तेवढ्याच उंचीत इतके मजले बसवायचे म्हणजे प्रत्येक मजला बुटका होणार. म्हणून त्याच मापाचे देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान वाटते. आणि ही युक्ती रंगाच्या आधारावर चालते हेही लक्षात ठेवावे. केबलमध्ये रंगाची काटकसर झाली की तिचीही धार जाते आणि अक्षराभोवती रंगीत झालर दिसू लागते.

अॅपलने २०१२ मध्ये लॅपटॉपचा पडदा इंचाला २२० पिक्सेलवर नेला आणि २०१८ मध्ये आपल्या मॅक संगणकांवरून ही रंगपट्ट्यांची युक्तीच काढून टाकली. लॅपटॉपवर तिची गरज उरली नव्हती. पण तोच लॅपटॉप इंचाला शंभराच्या आसपास पिक्सेल असलेल्या बाहेरच्या मॉनिटरला जोडला की अक्षरे एकाएकी जाडसर आणि पुसट वाटू लागली. पुष्कळांना वाटले की चष्म्याचा नंबर वाढला. साठ सेंटिमीटरवरून पाहणाऱ्या निरोगी डोळ्याला इंचाला १४५ च्या पुढे वेगवेगळे ठिपके दिसेनासे होतात. २७ इंची फोर-के मॉनिटर १६३ देतो, त्याच आकाराचा २५६० गुणिले १४४० चा मॉनिटर १०९ देतो. फरक चष्म्याचा नसून या आकड्यांचा असतो.

मग करायचे काय?

नातवाने बदललेले दोन आकडे आता सांगतो. पहिला, रिझोल्यूशन. मी ते ३८४० वरून २५६० वर आणले होते, म्हणजे एका ठिपक्याला दीड ठिपक्याच्या जागेवर पसरायला सांगत होतो. त्यातून तेलकटपणा येणारच. रिझोल्यूशन मॉनिटरचे मूळचेच ठेवावे आणि अक्षरे मोठी हवीत तर 'स्केल' वाढवावा. स्केल लगेचच १५० टक्के केला आणि पांढरी अक्षरे कोरल्यासारखी उठून दिसू लागली. लाल अनुस्वार मोठा झाला, पण कडेला फिस्कटलेलाच राहिला. मग दुसरा आकडा, रिफ्रेश रेट. तो १२० वरून ६० केला आणि टिंब लखलखीत लाल झाले.

नातवाला १२० सोडवत नव्हते, तेही रास्त होते. त्यावर उपाय म्हणून लॅपटॉपच्या यूएसबी-सी तोंडातून थेट मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये जाणारी केबल घेतली. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून चित्रासाठी जवळजवळ २६ अब्ज बिट जातात, त्यात १२० चे २४ अब्ज काटकसर न करता बसले. मधे हब किंवा डॉक असेल तर मात्र सावध राहावे. पुष्कळदा त्यात चार वाटांपैकी दोनच चित्राला मिळतात. मॉनिटर स्वतःला टीव्ही म्हणवून घेत असेल तर त्याच्या मेनूत 'पीसी' निवडावे आणि लॅपटॉपकडून रंग 'आरजीबी' स्वरूपात जातो आहे का ते पाहावे.

मंडळाच्या मराठी शाळेतही आता धडे मोठ्या टीव्हीवर दाखवतात. तिथल्या शिक्षकांना मी एक विनंती केली आहे: अनुस्वार रंगवायचाच असेल तर पाटी पांढरी ठेवा आणि टिंब गडद ठेवा, म्हणजे ते रंगावर अवलंबून राहणार नाही. आणि मूल अनुस्वार गाळत असेल, तर त्याच्या शेजारी, त्याच्या उंचीवर बसून एकदा पडदा पाहा. इथे वाढणाऱ्या मुलांची मराठी बहुतेक पडद्यावरूनच येते. तिथे टिंब नसेल तर ते त्यांच्या भाषेतही येणार नाही, आणि दोष मात्र त्यांच्या माथी जाईल.

पुढच्या रविवारी मी नातीची माफी मागितली. तिने ती लगेच दिली आणि 'भांडे' हा शब्द मुद्दाम नाकात, लांबवून वाचून दाखवला. मग म्हणाली, "आजोबा, आता रग घासायचा का?"