हेत्वाभास

‘डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे आग आहे’ हे न्यायशास्त्रातलं नेहमीचं अनुमान पावसाळ्यात ताम्हिणी घाटात करून पाहा. धूर वाटतो ते बहुधा धुकं असतं. इथे हेतू म्हणजे इरादा नव्हे, अनुमानाचा आधार. आधारासारखं नुसतं भासतं, तो हेत्वाभास. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याचे ५ प्रकार आहेत.

याच वाटेवर मुळशी धरणाच्या पाण्यापाशी त्यांतला ‘साध्यसम’ हटकून आठवतो. यात दिलेलं कारणच साध्याइतकं, म्हणजे जे सिद्ध करायचं त्याच्याइतकंच, असिद्ध असतं. १९२१ साली टाटांच्या या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापट पुढे झाले. जमीन घ्यायला १८९४चा भूसंपादन कायदा होता, आणि कारण ‘सार्वजनिक प्रयोजन’. धरण खासगी कंपनीचं, वीज मुंबईला, बुडणार मावळ्यांची भातखाचरं. मग सार्वजनिक कोण? वाद नेमका याचाच होता, आणि सरकार तेच कारण म्हणून पुढे करत होतं! (कायदेशीर होतं, हे वेगळं.)

हेत्वाभासासाठी ‘तर्कदोष’ हा सुटसुटीत शब्द आहे, मीही वापरतो. पण तो फक्त चूक झाली एवढंच सांगतो. ‘हेत्वाभास’ ती कारणात झाली हेही सांगतो.