विळीची धार आणि दगडाची धूळ



सुरी बोथट झाली की आपण काय करतो? कुणी ती दाराच्या पायरीवर घासते, कुणी पाट्याच्या कडेवर. विळीचं पातं पाटाला पक्कं बसवलेलं असतं, म्हणून तिथे उलटा प्रकार. सुरी दगडावर फिरते, विळीवर मात्र दगडच फिरवावा लागतो. दोन-चार मिनिटांचं हे काम आपण कामात धरतच नाही. पण या दोन-चार मिनिटांमागे फार मोठा इतिहास आहे. त्यात राजांच्या तलवारी आहेत, गावोगाव हिंडणाऱ्या बाया आहेत, आणि दूरच्या एका शहरात तरुणपणी मेलेले हजारो कामगारही आहेत. आज तो इतिहास ऐकू या.

सुरुवात लोखंडाच्याही आधीची आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली. त्यांच्याकडे तांबं होतं, पण थोडं. रोजचं कापणं-चिरणं चालायचं ते गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पातळ पात्यांनी. असं पातं बोथट झालं तर त्याला धार लावत बसण्यापेक्षा दुसरं काढणं सोपं. दगडाच्या कुऱ्हाडी मात्र घासून घासून धारदार करत. कर्नाटकात बल्लारीजवळ संगनकल्लू इथे कुऱ्हाडी घासून पडलेल्या खाचा खडकावर आजही दिसतात.

मग लोखंड आलं. विदर्भात नागपूरजवळ माहुरझरी आणि नायकुंड इथे जुन्या दफनांमध्ये लोखंडाच्या कुऱ्हाडी, सुऱ्या, छिन्न्या मिळाल्या. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. लोखंडाचा गुण असा, की ते बोथट झालं तरी टाकावं लागत नाही. घासलं की पुन्हा कामाला तयार. म्हणून लोखंडाबरोबर धारेच्या दगडालाही घरात कायमची जागा मिळाली. त्याला कुठे निसणा म्हणतात, कुठे सहाण, कुठे नुसता धारेचा दगड. धार लावण्याला आपला जुना शब्द आहे पाजवणं.

दगड कोणता चालतो? जो लोखंडापेक्षा कठीण असेल तो. दक्षिण भारतात यासाठी एक नामी दगड मिळायचा, कुरुंद. हिऱ्याच्या खालोखाल कठीण. आपले कारागीर कुरुंदाची पूड करून ती वितळलेल्या लाखेत कालवायचे आणि तिचं फिरतं चाक बनवायचे. अठराव्या शतकाच्या शेवटी हा दगड युरोपातल्या अभ्यासकांच्या हाती पडला, तेव्हा त्यांनी नावही इथलंच उचललं. आज जगभर विज्ञानाच्या पुस्तकांत या खनिजाला कोरंडम म्हणतात, ते आपल्याकडच्याच नावावरून.

आता धार लावणाऱ्या माणसांकडे येऊ. शिकलगार हे आडनाव सांगली, सातारा, कोल्हापूरकडे आपण ऐकतो. अरबी भाषेत सैकल म्हणजे घासून चकाकी आणणं. ते करणारा तो सैकलगार, त्याचाच शिकलगार झाला. तलवारी, भाले, कट्यारी पाजवणं आणि उजळणं हे त्यांचं काम. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची शस्त्रं काढून घेतली, १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा केला. तलवारींचं काम आटलं. ज्या हातांनी तलवार उजळली, त्या हातांत पुढे सुऱ्या, कात्र्या, विळ्या आल्या.

गावातला लोहार हा बलुतेदार. नांगराचा फाळ, विळे, खुरपी यांची वर्षभराची डागडुजी तो करायचा आणि सुगीला धान्याचं बलुतं न्यायचा. शिवाय घिसाडी यायचे. गाढवावर, पुढे गाडीवर भाता-ऐरण लादून गावोगाव फिरणारे हे लोहार आज आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. घिसाड्याचं पाल तुम्ही पाहिलं असेल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. पुरुष बसून सांडशीने तापलं लोखंड धरतो आणि समोर उभं राहून घण मारते ती बाई. कोयत्याला आकार येतो तो तिच्या खांद्याच्या जोरावर. पण आपण म्हणतो "घिसाड्याने कोयता केला". घिसाडणीने केला असं कुणी म्हणत नाही.

आता जरा लांब जाऊ, इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात. सुऱ्या, काटे, कात्र्या यांसाठी हे शहर जगात नावाजलेलं होतं. तिथल्या नद्यांवर पाणचक्क्या, आणि पाणचक्कीवर फिरणारी वालुकाश्माची मोठमोठी चाकं. कामगार चाकासमोर लाकडी बैठकीवर घोड्यावर बसावं तसे बसत आणि पुढे वाकून पातं चाकावर टेकवत. चाक झिजे, त्याची धूळ नाका-तोंडात जाई. काही कामं पाण्यात भिजलेल्या चाकावर होत, तर काटे आणि सुया यांसारखी कामं कोरड्या चाकावर.

या कामगारांना दम लागायचा, खोकला जडायचा, माणूस सुकत जायचा. १८३० च्या सुमारास शेफील्डचे डॉक्टर अर्नोल्ड नाइट यांनी या आजारावर लिहिलं. त्यांचे आकडे ऐका. कोरड्या चाकावरचे कामगार सरासरी जेमतेम पस्तीस वर्षं जगत. ओल्या चाकावरचे पंचेचाळीसपर्यंत. शहर तेच, धंदा तोच, आणि फरक मुख्यतः पाण्याचा. ओल्या चाकावर धूळ उडत नाही, पाण्याबरोबर चिखल होऊन खाली बसते.

उपाय निघाले नाहीत असं नाही. १८२० च्या दशकात एकाने तोंडापुढे लोहचुंबक लावायची युक्ती काढली. चुंबकाने लोखंडाचा कीस धरला, पण खरी घातक होती ती दगडाची धूळ, आणि ती चुंबकाला चिकटत नाही. धूळ ओढून नेणारे पंखेही निघाले. पण बऱ्याच कामगारांनी ते नाकारले. का? काम सुरक्षित झालं तर जास्त लोक धंद्यात येतील आणि मजुरी पडेल, ही भीती. पोटासाठी माणूस काय काय पत्करतो, ते यात दिसतं. आपल्याकडेही "मास्क लावला तर हात चालत नाही, काम कमी होतं" असं म्हणणाऱ्या मजूर बाया आपण ऐकतोच की.

शेफील्डमध्ये धार लावायला पुरुष होते, पण चमक आणायला बाया होत्या. त्यांना बफर गर्ल्स म्हणत. फिरत्या चाकावर वाळू आणि तेलाने चमचे, सुऱ्या घासून त्या आरशासारख्या करायच्या. अंगावर काळा लगदा उडायचा, म्हणून अंगाला तपकिरी कागद गुंडाळायच्या आणि डोक्याला फडकं बांधायच्या. साहेबाच्या मेजावरची चकाकी त्या कागदातल्या बायांच्या हातची होती.

मग चित्र बदललं ते दोन शोधांनी. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोळशापासून एक अतिकठीण पदार्थ बनवला, कार्बोरंडम. हळूहळू वालुकाश्माच्या चाकांची जागा अशा कारखान्यात बनवलेल्या चाकांनी घेतली. फुप्फुसाला घातक असलेली गारेची धूळ त्यांत फार कमी, म्हणून धार लावणाऱ्यांचं मरण पुष्कळ टळलं. आपल्याकडे १९४१ मध्ये उरणजवळ मोरा इथे ग्राइंडवेलचा चाकांचा कारखाना सुरू झाला, १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा करड्या रंगाचा, एक बाजू जाड आणि एक बाजू बारीक असलेला दगड याच जातीचा. दुसरा शोध शेफील्डचाच. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअरली यांनी न गंजणारं पोलाद बनवलं. त्याचंच स्टील आज आपल्या विळीला आणि सुरीला आहे.

स्टीलने आपलं एक काम कमी केलं. लोखंडी विळी चिंचेने, कैरीने काळी पडायची. राखेने आणि काथ्याने घासून, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवावी लागायची. राखेत बारीक कण असतात, म्हणून ती घासायला चांगली. स्टील गंजत नाही, पण त्याची धार मात्र जाते. तिला दगड लागतोच.

धूळही संपलेली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात या आजाराचं नाव होतं, सिलिकोसिस. कारखान्यात तो आढळला तर सरकारला कळवणं सक्तीचं आहे. पण गुजरातेत खंभातला घराघरांत अकीकाचे मणी घासणाऱ्या बाया आणि पुरुष याच आजाराने गेले. घरात चालणाऱ्या कामाला कारखान्याचा कायदा पुरत नाही. आपल्या भागात दगडखाणीवर, खडी क्रशरवर जाणाऱ्या मैत्रिणींनी हे नीट ऐकावं. दगड कोरडा फोडला, कोरडा घासला की धूळ उडते. पाणी मारणं ही मालकाची मेहेरबानी नाही, तुमच्या छातीचं रक्षण आहे.

घरात आठवड्यातून एकदा सुरी घासण्याने हा आजार होत नाही, घाबरू नका. पण तिथेही पाणी हवंच, आणि तेही धारेसाठी. लोहार तापलेलं पातं पाण्यात बुडवतो, त्याला आपण "पाणी देणं" म्हणतो. त्याने पातं कठीण होतं. तेच पातं जोरात फिरणाऱ्या कोरड्या चाकावर फार वेळ धरलं तर तापतं, काठ निळा पडतो आणि दिलेलं पाणी उतरतं. मग धार दोन दिवसही टिकत नाही. सायकलवर चाक बसवून दारावर धारवाला आला तर त्याला पाण्याचा तांब्या द्या आणि पातं मधून मधून बुडवायला सांगा. ठिणग्या उडत असताना पोरांना जवळ उभं करू नका.

घरी लावायची तर दगड ओला करून खाली फडकं घाला, म्हणजे तो सरकत नाही. सुरीची पाठ दगडापासून करंगळीच्या जाडीइतकी उचला आणि तो कोन शेवटपर्यंत मोडू नका. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूच्या काठाला बारीक खरखर लागली की बाजू बदला. आधी जाड बाजू, मग बारीक. शेवटी हलक्या हाताने दोन्हीकडून चार-चार वेळा, म्हणजे ती खरखर निघून जाते. विळीला दगड फिरवताना पाटावर पाय घट्ट ठेवा, आणि दगड धरलेली बोटं धारेच्या रेषेत येऊ देऊ नका. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते निसटतं. हात कापतो तो बहुधा बोथट पात्यानेच.

जाता जाता एक हिशेब. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते, मजुरी टनावर. कोयता बोथट तर टन कमी. म्हणून पहाटे उठून कानस घेऊन कोयता घासला जातो. त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. खुरपणीला जाणारीच्या खुरप्याचं, कांदा कापणारीच्या विळ्याचंही तेच. खंडेनवमीला आपण या हत्यारांना हळद-कुंकू वाहतो. पुढच्या बैठकीत गटातल्या प्रत्येकीने सांगावं, हत्याराला धार लावण्यात आठवड्याचा किती वेळ जातो, आणि धारेचा, कानशीचा खर्च कोण करतं. वहीत तो आकडा लिहा. मजुरीचं बोलणं होईल तेव्हा तो कामाला येईल.