न उघडलेला अहवाल : एक विमान अपघात, तीन विधवा आणि सरकारचं गुपित



आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. एखादा कागद गुप्त आहे असं सरकारने न्यायालयात सांगितलं, तर न्यायाधीशाने तो कागद स्वतः पाहायचा, की सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर ठरलं ते एका विमान अपघातात नवरे गमावलेल्या तीन स्त्रियांच्या खटल्यात. आणि त्या उत्तराची किंमत काय होती, हे कळायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

दिवस होता 6 ऑक्टोबर 1948. जॉर्जिया राज्यातल्या रॉबिन्स या वायुदलाच्या तळावरून एका बी-29 विमानाने उड्डाण केलं. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला तो याच जातीच्या विमानाने. विमानात तेरा माणसं होती : नऊ वायुदलाची आणि चार नागरी. काही गुप्त इलेक्ट्रॉनिक उपकरणांची चाचणी घ्यायची होती, म्हणून ही नागरी मंडळी बरोबर होती. विमान उंचावर असताना एका इंजिनाला आग लागली आणि वेक्रॉस गावाजवळ ते कोसळलं. नऊ जण गेले. त्यांत तीन नागरी अभियंते होते : आरसीए कंपनीचे अल्बर्ट पाल्या आणि रॉबर्ट रेनॉल्ड्स, आणि फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे विल्यम ब्राउनर.

इथे कायद्याचा थोडा इतिहास सांगायला हवा. 'राजा चूक करू शकत नाही' हे जुनं इंग्रजी तत्त्व अमेरिकेनेही उचललं होतं. केंद्र सरकारच्या नोकराच्या निष्काळजीपणाने तुमचं नुकसान झालं, तर तुम्ही सरकारवर दावा लावू शकत नव्हता. काँग्रेसच्या सभासदाला गाठायचं आणि आपल्यापुरतं वेगळं विधेयक मंजूर करून घ्यायचं, एवढीच वाट होती. जुलै 1945मध्ये दाट धुक्यात लष्कराचं एक बी-25 विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळलं, चौदा जण गेले. त्यानंतर वर्षभरात, 1946मध्ये, वर्षानुवर्षं रखडलेला सरकारविरुद्धच्या भरपाईचा कायदा मंजूर झाला आणि तो जानेवारी 1945पासून लागू धरला गेला. थोडक्यात, सरकार आता सामान्य प्रतिवादीसारखं न्यायालयात उभं राहणार होतं.

त्याच कायद्याखाली फिलिस ब्राउनर, एलिझाबेथ पाल्या आणि पॅट्रिशिया रेनॉल्ड्स यांनी 1949मध्ये फिलाडेल्फियाच्या फेडरल न्यायालयात दावे लावले. आता बघा, विमान सरकारचं, वैमानिक सरकारचे, अवशेष सरकारच्या ताब्यात. चूक कोणाची हे या बायकांनी कशावरून सिद्ध करायचं? म्हणून त्यांच्या वकिलांनी दोन गोष्टी मागितल्या : वायुदलाचा चौकशी अहवाल आणि वाचलेल्या तीन कर्मचाऱ्यांचे जबाब.

वायुदलाने आधी सांगितलं, आमची चौकशी आमच्या अंतर्गत कामासाठी असते, ती बाहेर देता येणार नाही. न्यायाधीश विल्यम कर्कपॅट्रिक यांना हे पटलं नाही. मग वायुदलाचे सचिव थॉमस फिनलेटर यांनी रीतसर विशेषाधिकार सांगितला : हे विमान अत्यंत गुप्त कामगिरीवर होतं. वायुदलाच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने शपथपत्र दिलं की कागद दिले तर राष्ट्रीय सुरक्षेला आणि गुप्त उपकरणांच्या विकासाला गंभीर बाधा येईल. त्याबरोबर सरकारने देऊ केलं की वाचलेले कर्मचारी साक्षीसाठी हजर करू, तुम्ही त्यांना विचारा.

न्यायाधीशांनी यावर मधला मार्ग काढला. कागद वादींना देऊ नका, मला एकट्याला दाखवा. गुपित कुठलं ते मी ठरवतो. सरकारने तेही नाकारलं. मग दिवाणी प्रक्रियेच्या नियमानुसार त्यांनी निष्काळजीपणा सिद्ध झाला असं धरलं आणि एकूण 2,25,000 डॉलर भरपाई मंजूर केली. अपिलात 1951मध्ये न्यायमूर्ती अल्बर्ट मॅरिस यांनी हा निकाल कायम केला. मॅरिस यांचा इशारा आजही वाचण्यासारखा आहे. त्याचा आशय असा, की आज अंतर्गत कामकाजाच्या नावाखाली कागद रोखू दिले, तर उद्या केवळ अधिकाऱ्यांची अडचण होते म्हणून कागद रोखण्यापर्यंतचं अंतर फार नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. काळ ध्यानात घ्या. कोरियाचं युद्ध चालू, अणुगुपितं फोडल्याबद्दल रोझेनबर्ग दांपत्याला मृत्युदंड झालेला, मॅकार्थी यांचा जोर. 9 मार्च 1953 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल सरकारच्या बाजूने लागला. सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांनी लिहिलं की पुराव्यावरचं नियंत्रण अधिकाऱ्यांच्या लहरीवर सोडता येणार नाही. पण पुढे त्यांनी असंही म्हटलं की लष्करी गुपित उघड होण्याचा वाजवी धोका दिसत असेल, तर न्यायाधीशाने एकट्यानेही कागद पाहण्याचा आग्रह धरू नये. शिवाय वादींना साक्षीदार विचारण्याची वाट मोकळी होती, मग अहवालच हवा हा हट्ट कशाला? ब्लॅक, फ्रँकफर्टर आणि जॅक्सन यांनी विरोधी मत दिलं. त्यांनी मॅरिस यांचीच कारणं पुरेशी मानली.

व्हिन्सन यांच्यासमोर ब्रिटनचा दाखलाही होता. 1939मध्ये 'थेटिस' ही पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडून नव्याण्णव जण गेले होते. त्यांच्या कुटुंबीयांच्या दाव्यात, 1942मध्ये, ऐन महायुद्धात, हाउस ऑफ लॉर्ड्सने मंत्र्याचा शब्द अंतिम मानला होता.

अमेरिकेतल्या निकालातली एक गोष्ट मात्र आपण विसरू नये. तो अहवाल सर्वोच्च न्यायालयानेही पाहिला नव्हता. म्हणजे कुठल्याच पायरीवर कोणाही न्यायाधीशाने तो उघडला नाही. खटला खाली परत आला आणि तिघींनी 1,70,000 डॉलरवर तडजोड केली. मूळ रकमेच्या साधारण तीन चतुर्थांश.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण अल्बर्ट पाल्या गेले तेव्हा त्यांची मुलगी ज्यूडिथ अवघी सात आठवड्यांची होती. वडिलांबद्दल काही कळावं म्हणून ती 2000 साली इंटरनेटवर शोध घेत होती. एका खाजगी संकेतस्थळावर जुन्या लष्करी विमान अपघातांचे अहवाल विकत मिळत होते. 1990च्या दशकात वायुदलाने जुन्या कागदांवरचा गोपनीयतेचा शिक्का काढला होता, त्यांतच हाही अहवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने ज्याला हात लावला नाही, तो कागद टपालाने घरी आला.

त्यात काय होतं? गुप्त उपकरणं कशी चालतात याचा तपशील नव्हता. होतं ते असं : या जातीच्या विमानाच्या एक्झॉस्ट नळ्यांपासून आगीचा धोका होता, म्हणून हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारी कवचं, बसवण्याचे तांत्रिक आदेश निघाले होते. या विमानात ती बसवलीच नव्हती. आदेश पाळले नसल्यामुळे विमान उड्डाणाला सुरक्षित नव्हतं, असं वायुदलाचेच तपासनीस लिहून गेले होते. आणीबाणीत विमानातून बाहेर कसं पडायचं, याची नीट माहितीही नागरी प्रवाशांना दिलेली नव्हती. म्हणजे तिघी जे सिद्ध करू पाहत होत्या, ते त्याच कागदावर लिहिलेलं होतं.

कुटुंबं पुन्हा एकत्र आली आणि 2003मध्ये, त्याच फिलाडेल्फियातल्या वकिली संस्थेमार्फत, थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. अर्ज नाकारला गेला. मग खालच्या न्यायालयात न्यायालयाची फसवणूक झाल्याचा दावा लावला. तो 2004मध्ये फेटाळला गेला, 2005मध्ये अपील गेलं आणि 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दार बंद केलं.

अपील न्यायालयाचं म्हणणंही आपण न्यायाने समजून घेऊ. शपथपत्रांत अहवालात नेमकी उपकरणांची माहिती आहे असं थेट म्हटलेलं नव्हतं. बी-29ची रचना, मोहिमेचं स्वरूप, यातलं काहीही शत्रूच्या कामी येईल अशी भीती त्या काळी असू शकत होती. मग जाणूनबुजून खोटं बोलले हे सिद्ध होत नाही, आणि संपलेला खटला पन्नास वर्षांनी उकरायचा तर तेवढा भक्कम पुरावा हवा. कायद्याच्या भाषेत हे चूक म्हणता येत नाही.

पण आम्हाला विचाराल, तर 'सरकार खोटं बोललं का' हा इथला मोठा प्रश्नच नाही. अधिकारी प्रामाणिकपणे घाबरलेलेही असतील. मुद्दा असा, की कर्कपॅट्रिक यांनी दार लावून तासभर तो अहवाल वाचला असता, तर गुपित गुपितच राहिलं असतं आणि तिघींना न्यायही मिळाला असता. दोन्ही एकदम शक्य होतं.

रेनॉल्ड्सचा निकाल मात्र आजही उभा आहे. 2010मध्ये, सीआयएने उचलून परदेशी तुरुंगांत नेलेल्या माणसांनी त्या विमानफेऱ्यांची आखणी करणाऱ्या जेपसेन कंपनीवर लावलेला दावा याच विशेषाधिकारावर, सहा विरुद्ध पाच मतांनी, संपला. उलट ब्रिटनने 1968मध्ये आपली भूमिका बदलली आणि न्यायाधीशाला कागद पाहण्याचा अधिकार दिला.

आपल्याकडेही हा प्रवास झालाच. 1872च्या पुरावा कायद्यातलं 123वं कलम राज्यकारभाराच्या अप्रकाशित कागदांना संरक्षण देत होतं. 1961मध्ये सोधी सुखदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असा कागद न्यायालय पाहू शकत नाही. 1975मध्ये राज नारायण प्रकरणात, पंतप्रधानांच्या दौऱ्यांच्या सुरक्षेच्या 'ब्लू बुक'वरून वाद आला, तेव्हा न्यायालयाने ठरवलं की गरज वाटल्यास न्यायाधीश कागद पाहू शकतात. 1981मध्ये एस. पी. गुप्ता प्रकरणात तर त्यांनी कागद पाहिले आणि उघडही करायला लावले. एकाच देशात वीस वर्षांत उत्तर बदललं, ते असं.

तेव्हा पुढच्या वेळी 'राष्ट्रीय सुरक्षेमुळे माहिती देता येत नाही' असं वाक्य कानावर पडलं, तर लगेच संतापू नका आणि लगेच मानही डोलावू नका. एवढंच विचारा : सरकारबाहेरच्या कोणी तो कागद वाचलाय का? वेक्रॉसच्या अपघाताने आपल्याला हा एक प्रश्न दिलाय.

इथे थांबू या.