एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी पंखा तपासा

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची कितीतरी कुटुंबं राहतात. याच पट्ट्यात लूम्सही आहेत. तिथून उडणारे धाग्याचे बारीक तंतू एसीच्या जाळीत बसतात. डुमस, हजिऱ्याकडे खाऱ्या हवेने पत्रा आणि स्क्रू गंजतात. या दोन्हींचा त्रास पंख्याला होतो.

पंखे किती आणि कशासाठी?

स्प्लिट एसीत दोन पंखे असतात. घरातल्या युनिटमधला लांब, नळीसारखा ब्लोअर खोलीत गार हवा फेकतो. आउटडोअरचा पात्यांचा पंखा कॉइलमधली उष्णता बाहेर टाकतो. विंडो एसीत बहुधा एकाच मोटरच्या दोन टोकांना दोन्ही बसवलेले असतात.

ब्लोअर मंदावला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. आउटडोअरचा पंखा थांबला की कॉम्प्रेसर तापून ट्रिप होतो, निवला की पुन्हा सुरू होतो. एसी असाच चालू ठेवला तर कॉम्प्रेसर जळू शकतो, आणि तोच सगळ्यात महाग भाग.

घरी काय करता येतं?

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, लूम्सजवळ राहत असाल तर आठवड्याला. आउटडोअरसमोर कपडे, पोती, पत्रा ठेवू नका. पंख्यातून गरम हवा जोरात बाहेर आली पाहिजे. ब्लोअरच्या पात्यांत काळी घाण बसली असेल तर सर्व्हिसिंग करून घ्या.

बिघाड कसा ओळखायचा?

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, तेव्हा पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा. बरेच कारागीर त्यालाच ‘कंडेन्सर’ म्हणतात, त्यामुळे नेमकं काय बदलणार ते विचारून घ्या. कारागिराने वीज बंद करून पातं हाताने फिरवलं आणि ते जड गेलं, तर बेअरिंग किंवा बुश गेलेलं असतं. सैल फिरत असेल तर आधी कपॅसिटर मीटरवर मोजायला सांगा. चालू एसीत काडी घालून पंख्याला धक्का देणं जिवावर बेतू शकतं.

बदलताना

मोटरचे व्होल्ट, वॅट, आरपीएम, फिरण्याची दिशा आणि शाफ्टची जाडी जुन्याशी जुळली पाहिजे. कपॅसिटरचे मायक्रोफॅरड तेवढेच हवेत; व्होल्टेज तेवढं किंवा जास्त चालतं. दिशा चुकली तर पंखा फिरतो, पण उष्णता नीट बाहेर जात नाही. साध्या मोटरचं रिवाइंडिंग होतं. इन्व्हर्टर एसीत मात्र अनेकदा डीसी मोटर असते आणि तिचा बिघाड पीसीबीशी जोडलेला असू शकतो, म्हणून दोन्ही तपासल्याशिवाय नवी मोटर घेऊ नका.

आधी जीव

नुसता रिमोट बंद करून भागत नाही, एमसीबी पाडा. वीज गेल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो कारागिरानेच उतरवावा. वरच्या मजल्यावरच्या आउटडोअरचं काम सेफ्टी बेल्टशिवाय करू देऊ नका. पाचशे रुपये वाचवायला कुणाला छज्जावर उभं करू नये.

जुना पार्ट परत मागा, बिलावर पार्टचं नाव आणि वॉरंटी लिहून घ्या. एसी सुरतेत घेतला आणि गावी नवापूर, नंदुरबारला नेला, तरी हेच बिल उपयोगी पडतं. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ दोन्ही राज्यांतून लागते.